थडीपाड्याला चोपन्न गुण

८ जानेवारी १९३४, सोमवार. शरणपूर, नाशिक.

आज जिल्हा स्कूल बोर्डाच्या चेअरमनांची चिठ्ठी आली. लासलगावच्या बाजूला मरळवाडी आणि थडीपाडे अशी दोन गावे आहेत. मध्ये एक नदी आणि अडीच मैलांचे अंतर. दोन्हीकडे बोर्डाची चौथीपर्यंतची शाळा आहे. यंदा ग्रँट कमी झाल्यामुळे मार्चअखेर दोहोंतली एक बंद करायची आहे. कोणती, ते ठरवण्याआधी दोन्ही शाळा पाहून तुलना करून द्यावी, असे मला सांगितले आहे. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांना सवड नाही. बोर्डावर मी एकटीच बाई, आणि एकोणतीस वर्षे मुलींची शाळा चालवलेली. म्हणून हे काम माझ्याकडे आले.

खरे सांगायचे तर बरे वाटले. आमचे यजमान जोसेफराव गेल्यापासून चार वर्षांत कोणी मला काही ठरवायला सांगितले नव्हते.

संध्याकाळी बसून गुणांचा तक्ता केला. स्वच्छता वीस, शिस्त तीस, हजेरी वीस, लेखन पंधरा, वाचन पंधरा. शिस्तीला सर्वांत जास्त ठेवले. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडीन म्हणत, मूल आधी बसायला शिकले पाहिजे, मग बाकीचे आपोआप येते. त्यांचे हे शब्द मी पन्नास वर्षे वापरते आहे.

११ जानेवारी, गुरुवार.

सकाळच्या पॅसेंजरने लासलगाव. तिथून अकबरचा टांगा. माणूस साठीचा असेल, घोड्याशी आणि माझ्याशी एकाच आवाजात बोलतो.

मरळवाडीची शाळा पाहून डोळे निवले. कौलारू इमारत, सारवलेली जमीन, दाराशी झेंडूच्या दोन रांगा, दोन मास्तर. मी आत शिरताच हेडमास्तर खैरनारांनी घंटा वाजवली आणि अठ्ठेचाळीस मुले एकदम उभी राहून एका सुरात नमस्ते म्हणाली. क्षणभर मी पुण्याच्या कॉन्व्हेंटातल्या लांब वर्गात होते. मेणाचा वास, निळे फ्रॉक, आणि आम्ही सगळ्या हात मागे बांधून उभ्या. डोळ्यांत पाणी आले ते मी चष्मा पुसून लपवले.

सगळे काम शांततेत चालते. चौथीच्या एका मुलाला कोणताही धडा वाच म्हटले. त्याने बारावा धडा एकही ठेच न लागता वाचला. जवळ जाऊन पाहिले तर पुस्तक नवव्या धड्यावर उघडे होते. बिचाऱ्याची नजर अधू असावी. चष्म्याबद्दल घरी सांगा, असे मी खैरनारांना सुचवले. ते म्हणाले, सांगतो.

सात मुले बाहेर पडवीत वेगळ्या तरटावर बसली होती. खैरनार म्हणाले, त्यांना तिथे उजेड बरा मिळतो. आत चार खिडक्या आहेत. मी पुढे काही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे परतताना वाटले. पण तोवर टांगा नदीपर्यंत आला होता.

अकबरला म्हटले, इतकी शांत शाळा मी खेड्यात पाहिली नव्हती. तो लगाम सैल करत म्हणाला, "शांत तर कबरस्तानबी असतं, बाईसाहेब."

या टांगेवाल्यांना कशाचे काही नाही.

१८ जानेवारी, गुरुवार.

आज थडीपाडे. मारुतीच्या देवळाशेजारी धर्मशाळा आहे, तिच्यातच शाळा. एक खोली, एक मास्तर, एकतीस मुले. कोंबडी आत आली होती, तिला कोणी हाकलले नाही. गोंगाट इतका की मी दाराशी उभी आहे हे पाच मिनिटे कोणाच्या लक्षात आले नाही.

गोटीराम मास्तर चाळिशीचे, अंगात आखूड कोट, बोटांना खडू. बिहारात सोमवारी मोठा भूकंप झाला, ते लासलगावहून आलेल्या वर्तमानपत्रात होते. मुले नकाशावर बिहार शोधत होती आणि आपली नदी हलेल का, यावर भांडत होती. हे अभ्यासक्रमात नाही, असे मी म्हटले. मास्तर म्हणाले, "जी, नाही."

पाढे ऐकत होते तोच एक बाई डोक्यावरचे गवत दाराशी टाकून सरळ आत आली. हातात कार्ड. तिच्यामागे आणखी तिघी. मी थक्क झाले. मास्तरांनी सांगितले की गावात पोस्टमन गुरुवारी येतो आणि त्या दिवशी बायका आपापली पत्रे वाचून घ्यायला शाळेत येतात. कोणाचा नवरा मनमाडला रेल्वेत, कोणाचा मुलगा मालेगावला मागावर. वाचणारे गावात दुसरे कोणी फारसे नाही. मुले वाचतात, उत्तरही लिहून देतात.

ही बाई लंकाबाई. तिचे कार्ड सकीना नावाच्या मुलीने घेतले. पिंजाऱ्याची मुलगी, अकरा वर्षांची. कालच ईद झाली, तळहातावर मेंदी ताजी होती. चौथी गेल्या वर्षीच पास झाली आहे, पुढे वर्ग नाही म्हणून त्याच वर्गात पुन्हा बसते. हजेरीपटात हे नियमबाह्य आहे, तशी नोंद केली.

कार्ड मोडीत होते. मला मोडी नीट येत नाही, कॉन्व्हेंटात शिकवलीच नाही. पण मी सकीनाच्या मागे उभी राहून तिचे बोट पाहत होते. भरभर वाचत होती. मध्येच तिचे बोट दोन ओळी सोडून खाली गेले. लंकाबाईला पत्ता लागला नाही. मला लागला. बायका गेल्यावर सकीना पाणी पिण्याचे निमित्त करून बाहेर गेली. खिडकीतून दिसले, विहिरीपाशी ती लंकाबाईला एकटीला काही सांगत होती. लंकाबाई बराच वेळ खाली बसून राहिली. वर्ग चालू असताना मुलीने असे बाहेर जाणे बरे नाही.

वाचनाचे गुण देताना दोन ओळी गाळल्याचे तीन कमी केले.

निघताना मास्तरांना समजावून सांगितले की शाळेच्या वेळात बायका येणे बंद झाले पाहिजे. ते म्हणाले, "जी." मग थोडे थांबून म्हणाले, "पोरांना वाचायला दुसरं काही मिळत नाही हो बाई. पुस्तक एकच, ते पाठ होतं."

१९ जानेवारी, शुक्रवार.

बेरीज केली. मरळवाडी एक्याऐंशी, थडीपाडे चोपन्न. इतका फरक पडेल असे वाटले नव्हते. काम सोपे झाले म्हणायचे. तरी रात्रीच्या जेवणात लक्ष नव्हते.

२ फेब्रुवारी, शुक्रवार.

मनाला रुखरुख नको म्हणून मरळवाडीला पुन्हा जाऊन आले. मुलांसाठी नवे गोष्टींचे पुस्तक नेले होते. चौथीच्या मुलांना म्हटले, वाचा, मी ऐकते. एकही पुढे येईना. खैरनार म्हणाले, पाहुण्यांसमोर पोरे बुजतात. किती विनयशील मुले! पुस्तक त्यांच्याकडे ठेवून आले. त्यांनी ते कापडात बांधून कपाटात कुलपात ठेवले. पुस्तकांना इतके जपणारा मास्तर विरळा.

थडीपाड्याला मात्र पुन्हा गेले नाही. उशीर झाला होता.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

अहवाल पाठवला. कागद पाकिटात घालण्याआधी तीनदा वाचला. भाषा चांगली उतरली आहे. "शाळेला शाळेचे स्वरूप राहिलेले नाही" हे वाक्य जरा कठोर वाटले, पण खोडायचे म्हणजे सगळा कागद पुन्हा लिहावा लागला असता.

२४ फेब्रुवारी, शनिवार.

बोर्डाची सभा. माझा अहवाल एकमताने मान्य. चेअरमन म्हणाले, "मिसेस साळवे, असा आकड्यांत मांडलेला अहवाल आम्हाला आजवर कोणी दिला नव्हता." थडीपाड्याची शाळा एकतीस मार्चपासून बंद. मुलांनी नदी ओलांडून मरळवाडीला जावे. पावसाळ्यात कसे, असे एका सभासदांनी विचारले. दुसरे म्हणाले, पावसाळ्यात तसेही कोण शाळेत जाते.

हुकूम टपालाने जाणार होता. मी म्हटले, मी स्वतः नेऊन देते. चपराश्यासारखा कागद पुढे करण्यापेक्षा मास्तरांशी दोन शब्द बोलता येतील, मुलांना खाऊ देता येईल. वाईट बातमी हळुवार द्यावी, ही सिस्टर बर्नाडीनची शिकवण.

८ मार्च, गुरुवार.

आजचे सगळे आजच लिहून ठेवते.

अकबरला थडीपाडे म्हणताच तो एवढेच म्हणाला की गावाला कळलं आहे. कसे कळले ते विचारले तर म्हणाला, बाजारात काय कळत नाही.

पोहोचले तेव्हा धर्मशाळेबाहेर लिंबाखाली दहाबारा बायका बसलेल्या. गुरुवार आहे हे माझ्या ध्यानात नव्हते. कोणी आत गेलेली नव्हती. गेल्या वेळी मी सांगितले होते, तेव्हापासून बायका मधल्या सुटीपर्यंत बाहेर बसतात. कुरमुऱ्यांची पिशवी हातात धरून मी त्यांच्यासमोरून आत गेले.

गोटीराम मास्तरांना पाकीट दिले. त्यांनी उघडले, उभ्या उभ्या वाचले आणि पुन्हा घडी घातली. मी बोलायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "बाई, गावाचा कागद आला की गावापुढं वाचायचा, अशी आमची रीत आहे. मी वाचला तर माझ्या पोटासाठी वाचला असं होईल." आणि त्यांनी मुलांना बाहेर नेऊन बसवले, सकीनाला पुढे बोलावले आणि कागद तिच्या हातात दिला.

मला हे थांबवता आले असते. काय म्हणून थांबवणार?

लिंबाखाली बायका, समोर मुले, कडेला तीन-चार बाप्ये काठीवर हनुवटी टेकून. सकीनाने वाचायला सुरुवात केली. जावक क्रमांक, तारीख, सगळे. "थडीपाडे येथील बोर्डाची प्राथमिक शाळा तारीख ३१ मार्च १९३४ पासून बंद करण्यात येत आहे." आवाज हलला नाही. बोर्डातल्या कारकुनाचे अक्षर इतके वाईट की चेअरमनही अडखळतात. ती अडखळली नाही. कुसाबाई नावाच्या म्हातारीने विचारले, म्हणजे काय गं? सकीना म्हणाली, "म्हंजी होळी झाली, आता पाडव्यानंतर शाळा नाय." आणि पुढे वाचू लागली.

खाली माझ्या अहवालातला उतारा जोडलेला होता. तो त्यांनी जोडला असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

"तपासणी करणाऱ्या सभासदांच्या अहवालावरून," असे वाचून ती थांबली. मान वर न करता तिने डोळ्याच्या कडेने माझ्याकडे पाहिले. मग तिचे बोट खाली सरकले, आणि तिने एकदम शेवटची ओळ घेतली, "मुलांनी मरळवाडीच्या शाळेत नावे घालावीत."

ते बोट मी ओळखले. जानेवारीत लंकाबाईच्या कार्डावर ते असेच सरकले होते. चारचौघांत ऐकवू नये असे काही त्या दोन ओळींत असणार. ते लंकाबाईला एकटीला विहिरीपाशी सांगितले होते. आणि आज ती मला सांभाळत होती. ज्याचे मी तीन गुण कापले, तेच.

मी म्हटले, "सकीना, गाळलंस ते वाच."

तिने मास्तरांकडे पाहिले. मग तिने वाचले. "वर्गात गोंगाट फार. शाळेच्या वेळात गावातील अडाणी बायकांची सारखी ये-जा. त्यामुळे शाळेला शाळेचे स्वरूप राहिलेले नाही."

लंकाबाई म्हणाली, "या बाया कोन गं?"

"तुम्हीच," सकीना म्हणाली.

एक तान्हे मूल कुरकुरत होते. मग कुसाबाईने विचारले, "आन् लिवलं कोनी?"

सकीनाला ते कागदावर सापडले नसते, नाव नव्हते. मास्तरांना माहीत होते, ते जमिनीकडे पाहत राहिले.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

मला वाटले आता बोलतील. बोलायला हवे होते. कुसाबाई माझ्याकडे नीट पाहत राहिली, जसे बाजारात भांडे उलटेसुलटे करून पाहावे तशी. मग म्हणाली, "बाई, मंग दुसरं लिवा की. चुकलेलं पत्र आमीबी दुसऱ्यांदा लिवून घेतो. सकीना हाय. तुमी सांगा, ती लिवंल."

मी म्हणाले, मला लिहिता येते. लंकाबाई म्हणाली, "ते दिसलं."

बायका हसल्या. सकीना हसली नाही. तिने पाटीवर कागद ठेवला, दौत आणली आणि माझ्यापुढे मांडी घालून बसली, इतर कोणापुढे बसावी तशी. मीही मग खाली बसले. लिंबाखाली, त्यांच्यात.

"वर श्री घालू? तुमच्यात काय घालतात?" तिने विचारले. म्हटले, तारीख घाल. "आधी खुशाली लिहू का? सगळ्या आधी खुशालीच सांगतात." मी नको म्हणाले, तर कुसाबाईला ते पटले नाही, खुशाली न लिहिता पत्र सुरू करणे म्हणजे भांडण. तेव्हा बोर्डाच्या चेअरमनांना, येथील सर्व मंडळी खुशाल असून आपली खुशाली कळवावी, असे पहिले वाक्य गेले.

मी सांगत गेले. तक्त्यात शांत बसण्याला तीस गुण ठेवले आणि वाचण्याला पंधरा, हे सांगितले. बायकांची पत्रे वाचताना या शाळेतली मुले पाच निरनिराळी हस्ताक्षरे वाचतात, मोडी आणि बाळबोध दोन्ही, हे सांगितले. सकीनाने मध्येच लेखणी थांबवली.

"इथं 'चूक झाली' असं लिहू? बाया तसंच सांगतात."

"नाही," मी म्हणाले, "'मी चूक केली' असं लिही."

तिने लिहिले. मला वाटले होते त्याहून लवकर लिहून झाले.

मुलांना कुरमुरे वाटायचे राहिले ते निघताना वाटले.

९ मार्च, शुक्रवार.

काल परतले नाही. लासलगावला स्टेशनमास्तरांच्या कुटुंबाकडे राहिले आणि सकाळी हुकमाची नक्कल घेऊन मरळवाडीला गेले. घंटा वाजली, मुले उभी राहिली, नमस्ते झाले. मी तो कागद चौथीच्या सहा मुलांपुढे एकेक करून धरला. पहिली ओळ कोणाला पुरी वाचता आली नाही. ज्याला मी चष्मा लावायला सांगितले होते, त्याची नजर चांगली आहे. झेंडूवरचे फुलपाखरू त्याने मला दारातून दाखवले.

खैरनार म्हणाले, "बाईसाहेब, हा धडा अजून व्हायचा आहे."

मला राग आला. पण मुले सुटीत गेल्यावर ते खुर्चीवर बसले आणि सरळ म्हणाले, "दिपोटी येतात, धड्याचा आकडा सांगतात. मी तो करून घेतो. रांगा बघतात, मी रांगा करतो. तुम्ही दोनदा आलात. मुलं पुस्तक बघून वाचतात की तोंडपाठ म्हणतात, ते विचारलंत?"

नाही विचारले. त्यांच्या कपाटातले ते पुस्तक काढून मुलांच्या हातात द्या, एवढे सांगितले. पडवीतल्या सात मुलांबद्दलही या वेळी विचारले. ते म्हणाले, आत घेतली तर गाव पोरे काढून घेईल. मी म्हणाले, मग तसे बोर्डाला लिहून कळवा, मीही लिहिते. सकीनाने लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ते कलम मी माझ्या हाताने घातले.

१२ मार्च, सोमवार.

पत्र पाठवायचे आहे. अक्षर उतरते, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहे. सुवाच्य नक्कल करायला बसले आणि दोन ओळी लिहून थांबले. मूळ कागदच पाठवला.

२४ मार्च, शनिवार.

सभा झाली. चेअरमनांनी पत्र मोठ्याने वाचले. खुशालीच्या वाक्याला सगळे हसले. मग विचारले, अक्षर कोणाचे? सांगितले. थडीपाड्याची चौथी पास मुलगी, अकरा वर्षांची, शाळेचे स्वरूप न राहिलेल्या शाळेतली. मग कोणी हसले नाही.

एकाने म्हटले, बाईंना मुलांची माया आली. असेल. दुसऱ्यांनी विचारले, मागचा अहवाल खरा की हा? मी म्हणाले, दोन्ही मीच लिहिले, पण पहिल्याच्या वेळी मी फक्त पाहत होते.

थडीपाड्याची शाळा बंद करण्याचा हुकूम एक वर्ष तहकूब. मरळवाडीचे दुसरे मास्तर जूनमध्ये पेन्शनीत जातात, त्यांची जागा तूर्त भरायची नाही. एक पगार तिथे वाचेल. म्हणजे अठ्ठेचाळीस मुले एकट्या खैरनारांवर. त्यांना हे मीच कळवायचे आहे. पडवीच्या मुलांचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला. मी तो विसरू देणार नाही, पण पुढच्या सभेला किती जण येतात ते पाहायचे.

वर्षभराने दोन्ही शाळांची पुन्हा तपासणी होईल, ती दिपोटी करतील. सभा संपल्यावर ते माझा जुना तक्ता घेऊन आले आणि वाचनाला आता किती गुण ठेवावेत, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, गुरुवारी थडीपाड्याला जा आणि लिंबाखाली बसलेल्या बायकांना विचारा.

ते हसून निघून गेले. त्यांना वाटले, मी थट्टा केली.